शेततळ्यातील हिरवे पाणी आणि शेवाळाचा डोळा



बेणे, खते, तोडणी आणि खोडवा या नेहमीच्या विषयांवर आपण या पानावर बोलत असतोच. या वेळी विषय थोडा वेगळा घेतला आहे. शेवाळाचा. नाव वाचून कोणी पान उलटू नये, कारण या शेवाळाने आपल्या भागात ठिबकवरचा ऊस वाळवलेला मी डोळ्यांनी पाहिला आहे, आणि त्यात चूक माझीही होती. आधी तीच सांगतो.

चार वर्षांपूर्वीचा उन्हाळा. कालव्याचे आवर्तन लांबलेले, विहिरींनी तळ गाठलेला. आपल्या एका सभासदाच्या शेततळ्यात मात्र पाणी होते. त्यांना आपण तात्या म्हणू. अडीच एकर ऊस, सगळा ठिबकवर. तळ्याचा कागद जुना झालेला आणि तळाशी गाळ बराच. मोटार गाळ ओढते अशी तात्यांची तक्रार होती. मी बांधावर उभा राहून सांगितले, "तात्या, फुटबॉल वर घ्या. पाण्याच्या वरच्या अंगाला बांधा, म्हणजे नितळ पाणी येईल." तात्यांनी त्याच दिवशी तसे केले.

आठ दिवसांत गाळण्या दिवसातून तीनदा तुंबू लागल्या. जाळी काढली की तिच्यावर हिरवा चिकट लेप. चौथ्यांदा धुवायचा कंटाळा आला म्हणून गड्याने एक दिवस जाळी काढून ठेवली आणि मोटार तशीच चालवली. मग जे व्हायचे ते झाले. तोट्या आतून बंद झाल्या. ठिबकचे दुखणे असे की ते वरून दिसत नाही. मोटार चालू असते, गेजवर दाब दिसतो, आपण निर्धास्त असतो. उसाची पाने सुरळीसारखी वळायला लागली तेव्हा लक्षात आले. तोवर तळ्यापासून लांबचा एक एकर हातातून गेला होता.

तात्या रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "साहेब, तुमच्या सांगण्यावरनं फुटबॉल वर घेतला. आख्खं तळं सोडून शेवाळ नेमकं तितंच कसं गोळा झालं? त्याला काय डोळं हायती का?"

त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. पदविकेच्या अभ्यासात शेवाळाचे वर्गीकरण शिकलो होतो, पण ते कुठे जाते आणि का जाते, हे कोणी शिकवले नव्हते. पुढे पुस्तके चाळली, जाणत्यांना विचारले, तळ्यावर बसून पाहिले. आता उत्तर देतो. तात्या, तुमचे बरोबर होते. त्याला डोळा असतो.

शेवाळ म्हणजे एकच वस्तू नव्हे

आपण सगळ्यालाच शेवाळ म्हणतो, पण तळ्यात साधारण तीन प्रकार असतात. पहिले धाग्याचे. हाताला बुळबुळीत लागते आणि केसांसारखे गुंते होतात. ते हाताने किंवा दाताळ्याने ओढून काढता येते. दुसरे निळे-हिरवे. पाण्यावर रंग सांडावा तशी त्याची साय येते आणि तिला वास मारतो. तिसरे म्हणजे नुसते 'हिरवे पाणी'. ओंजळीत घेतले तर हाताला काही लागत नाही, पण काचेच्या ग्लासात धरले तर पाणी पोपटी दिसते.

हे हिरवे पाणी म्हणजे एकेका पेशीचे सुटे सुटे जीव. त्यातल्या एका नेहमीच्या जातीचे नाव क्लॅमिडोमोनास. नाव अवघड आहे, पण जीव साधा आहे. एक पेशी म्हणजेच पूर्ण वनस्पती. मूळ नाही, खोड नाही, पान नाही. आकार इतका लहान की एका मिलिमीटरमध्ये शंभर जण शेजारी शेजारी मावतील. पाणी चांगले हिरवे असेल तर एका थेंबात असे हजारो जीव असतात. वाळूच्या आणि जाळीच्या गाळण्या तुंबतात त्या यांच्या संख्येमुळे आणि चिकटपणामुळे.

वनस्पती, पण चालणारी

ऊस काय करतो? पानावर पडलेला सूर्यप्रकाश, हवेतला कार्बन वायू आणि मुळांनी आणलेले पाणी यांपासून साखर तयार करतो. आपला सगळा कारखाना या एका गोष्टीवर उभा आहे. शेवाळाची पेशीही हेच करते. तिच्या पोटात हरितद्रव्याची एक वाटी असते आणि त्या वाटीत तिची साखर तयार होते.

फरक असा की ऊस एका जागी रोवलेला आहे. त्याला प्रकाश हवा असेल तर तो वाढून, वाकून, पाने पसरून घ्यावा लागतो. त्याला दिवस लागतात. शेवाळाच्या पेशीला पाय नसले तरी शेपट्या आहेत. डोक्याकडच्या बाजूला चाबकासारख्या दोन बारीक शेपट्या. होडीची वल्ही मारावीत तशा त्या सेकंदाला सुमारे पन्नास वेळा हलतात आणि पेशी पुढे सरकते. वेग सेकंदाला मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा. ऐकायला हा वेग काहीच वाटत नाही. पण हिशेब करा. पेशी सरळ पोहत राहिली तर एक मीटर पाणी पावणेतीन तासांत पार होते. म्हणजे दिवस उगवल्यापासून न्याहारी उरकेपर्यंत तळ्याच्या मधल्या थरातली पेशी वर येऊ शकते.

पण नुसते पोहता येऊन भागत नाही. कोणीकडे जायचे हे कळले पाहिजे. तेथे डोळा लागतो.

एका पेशीचा डोळा

सूक्ष्मदर्शकाखाली ही पेशी पाहिली तर हिरव्या अंगावर, मध्याच्या जवळ, एका कडेला एक नारिंगी ठिपका दिसतो. गाजरातले रंगद्रव्य ज्या कुळातले, त्याच कुळातल्या रंगद्रव्याचे बारीक कण तेथे थरावर थर रचलेले असतात. या ठिपक्याला नेत्रबिंदू म्हणतात. पेशीच्या लांबीच्या सुमारे दहाव्या हिश्शाएवढा तो असतो.

पुष्कळ वर्षे लोकांना वाटे की हा ठिपकाच पाहतो. तसे नाही. ठिपका आरशाचे आणि आडोशाचे काम करतो. खरे पाहणारे द्रव्य ठिपक्याच्या बाहेरच्या अंगाला, पेशीच्या पातळ सालीत बसवलेले आहे. ठिपक्याच्या बाजूने प्रकाश आला की आधी त्या द्रव्यावर पडतो, मग ठिपक्याच्या थरांवर आपटून परत त्याच द्रव्यावर येतो. बॅटरीच्या दिव्यामागे चकचकीत वाटी असते, तसे समजा. उलट प्रकाश पाठीमागून, म्हणजे पेशीच्या अंगातून आला, तर मध्ये ठिपक्याचा आडोसा येतो आणि तो द्रव्यापर्यंत नीट पोहोचत नाही. म्हणजे या डोळ्याला एकाच दिशेचे दिसते. त्यात चित्र उमटत नाही. समोर उजेड आहे की नाही, एवढेच त्याला कळते.

आता एका दिशेला पाहणाऱ्या डोळ्याने दिशा कशी शोधायची? पेशी पोहताना स्वतःभोवती गिरकी घेत जाते, सेकंदाला साधारण दोन वेळा. त्यामुळे तिचा कडेचा डोळा चारी बाजूंना फिरतो. रात्री विहिरीवर जाताना आपण बॅटरी गोल फिरवतो, तसेच. प्रकाश एका बाजूला असेल तर प्रत्येक गिरकीत डोळ्याला एकदा उजेड आणि एकदा अंधार लागतो. उजेड, अंधार, उजेड, अंधार. याचा अर्थ, वाट तिरकी आहे. पेशी बरोबर उजेडाच्या रेषेत आली की ही उघडझाप थांबते. मग सरळ जायचे.

गाडी वळते कशी?

उजेड लागल्यावर वळायचे कसे, हे समजायला उसाची बैलगाडी डोळ्यांपुढे आणा. जुवाला दोन बैल आहेत. डावा नेटाने ओढू लागला आणि उजव्याने अंग चोरले की गाडी उजवीकडे वळते. कासरा ओढून गाडीवान हेच साधतो. पेशीच्या दोन शेपट्या म्हणजे ही बैलजोडी.

डोळ्यातल्या पाहणाऱ्या द्रव्याचे नाव चॅनलरोडॉप्सिन. हे एक प्रथिन आहे आणि त्याच्या पोटात रेटिनल नावाचा रेणू बसलेला असतो. हा रेणू जीवनसत्त्व 'अ'च्या घरातला. आपल्या डोळ्याच्या पडद्यातही प्रकाश पकडायला रेटिनलच लागते. म्हणून तर जीवनसत्त्व 'अ' कमी पडले की माणसाला रातांधळेपणा येतो. शेवाळ आणि माणूस यांत एवढे अंतर असूनही प्रकाश टिपायला दोघांनी एकच वस्तू वापरली आहे.

प्रकाश पडला की रेटिनलचा आकार बदलतो आणि त्यासरशी प्रथिनातून एक बारीक वाट उघडते. चारीवरचे दार उचलावे तशी. त्या वाटेने कॅल्शियमसारखे विद्युतभार असलेले कण पेशीत शिरतात आणि विजेचा लहानसा झटका शेपट्यांपर्यंत पोहोचतो. दोन्ही शेपट्या या झटक्याला सारख्या मानत नाहीत. एकीचा फटका मोठा होतो, दुसरीचा लहान. गाडी वळली. पुढच्या गिरकीत परत तपासणी, परत थोडे वळण. असे करत करत पेशी उजेडाच्या रेषेत येते. मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत, सगळा कारभार एका पेशीत.

आडोशाचे महत्त्व किती, हे २०१६ साली जपानी शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. ठिपक्यात रंगद्रव्य नसलेल्या पेशी त्यांनी तपासल्या. या पेशी आंधळ्या व्हायला हव्या होत्या. झाले भलतेच. त्या उलट्या दिशेला पोहू लागल्या. कारण पेशीचे गोल अंग भिंगासारखे काम करते. पाठीमागून आलेला प्रकाश एकवटून डोळ्यावर पडतो आणि आडोसा नसल्याने पेशीला तोच समोरचा वाटतो. दिशा कळायला उजेडाइतकीच सावलीही लागते, हे यातून शिकण्यासारखे.

जास्त ऊन तिलाही सोसत नाही

उजेडाकडे जाणे ही अर्धीच गोष्ट झाली. उजेड फार तीव्र झाला की हीच पेशी तोंड फिरवून त्याच्यापासून लांब जाते. हरितद्रव्याला पेलेल त्यापेक्षा जास्त ऊन पडले तर ते जळते. म्हणून पेशी आपल्याला मानवेल असा थर शोधते.

हे मी तात्यांच्याच तळ्यावर पाहिले. वारा पडलेला होता. सकाळी आठला पाण्याच्या अगदी वरून एक बाटली भरली आणि काठीला बाटली बांधून चार फूट खालून दुसरी भरली. वरची हिरवी, खालची बरीच स्वच्छ. दुपारी दोनला परत भरल्या. आता अगदी वरचे पाणी सकाळपेक्षा फिके होते आणि हात-दीड हात खाली हिरवा थर जास्त दाट होता. चार फुटांवर मात्र दुपारीही फारसा फरक नव्हता. त्याचे कारण सोपे आहे. हिरवे पाणी स्वतःच उजेड अडवते. दीड-दोन फुटांत ऊन इतके कमी होते की पेशीला त्याहून खाली जायची गरज पडत नाही. वारा सुटला की लाटांनी सगळे थर एक होतात आणि मग हा हिशेब चालत नाही. रात्रीही चालत नाही, कारण उजेड नसल्यावर पेशी पाण्यात पसरतात आणि काही जाती खाली उतरतात.

मी तात्यांना फुटबॉल नेमका त्या हिरव्या थरातच बांधायला लावला होता. चूक तेथे झाली.

इतर जाती, इतर तऱ्हा

सगळ्यांची तऱ्हा एक नाही. युग्लिना नावाची लांबट पेशी शाळेच्या पुस्तकात असते. तिलाही लाल ठिपका आहे, पण तिचे पाहणारे द्रव्य वेगळे. ते शेपटीच्या बुडाजवळच्या फुगवट्यात असते आणि ते कोणते, हे २००२ साली जपानमध्ये सापडले.

साय धरणाऱ्या निळ्या-हिरव्या शेवाळातील मायक्रोसिस्टिस या जातीला शेपटीच नाही. तिच्या अंगात हवेच्या बारीक नळकांड्या असतात, त्यांवर ती तरंगते. दिवसभर उजेडात साखर तयार झाली की ती जड होऊन खाली बसते. रात्रीत साखर खर्च झाली की हलकी होऊन सकाळी परत वर. साखरेने जड होणे आपल्याला नवीन नाही, पण हे जड होणे आपल्या कामाचे नाही. सकाळी सकाळी तळ्यावर हिरव्या रंगाची साय दिसते ती बहुधा अशी. ही जात कधी कधी विष तयार करते. अशी साय आलेले पाणी गुरांना पाजू नये, आणि पोरांना त्यात पोहू देऊ नये.

याच निळ्या-हिरव्या कुळातल्या दुसऱ्या एका जातीत २०१६ साली शास्त्रज्ञांना असे आढळले की तिची अख्खी गोल पेशीच भिंग बनते. एका बाजूने आलेला प्रकाश दुसऱ्या कडेला ठिपक्यासारखा एकवटतो आणि पेशी त्या ठिपक्याच्या उलट बाजूला, म्हणजे उजेडाकडे, सरकते.

घरी करून पाहण्यासारखा प्रयोग

आपल्या मुलामुलींना हा प्रयोग जरूर करू द्यावा. पैसा लागत नाही. काचेची स्वच्छ बाटली घ्या. तळ्यातले हिरवे पाणी फडक्यातून गाळून तीत भरा. बाटलीला चारी बाजूंनी काळा कागद गुंडाळा आणि एका बाजूला रुपयाएवढे गोल भोक पाडा. भोक खिडकीकडे करून, थेट ऊन लागणार नाही अशी बाटली ठेवा. हलवू नका. तास-दोन तासांनी कागद काढा. पोहणारे शेवाळ असेल तर भोकाच्या जागी काचेच्या आत हिरवी टिकली जमलेली दिसेल.

नंतर भोकावर लाल जिलेटीनचा कागद लावून पाहा, मग निळा लावून पाहा. लाल कागदाआड बहुधा गर्दी होत नाही, निळ्याआड होते. कारण चॅनलरोडॉप्सिनला निळा-हिरवा प्रकाश लागतो, लाल त्याला अंधारासारखा. आणि थेट कडक उन्हात ठेवले तर टिकली मधून विरळ होऊन कडेने सरकलेली दिसण्याचा संभव आहे. टिकली अजिबात जमली नाही, तर पाण्यातले शेवाळ न पोहणाऱ्या जातीचे आहे असे समजावे.

आता आपल्या कामाचे

एवढे सगळे समजून घेतल्यावर तळ्यावर काय करायचे ते क्रमाने सांगतो.

१. फुटबॉलची खोली. दिवसा मोटार केव्हा चालवायची हे आपल्या हातात नसते, वीज येईल तेव्हा चालवावी लागते. खोली मात्र आपल्या हातात आहे. फुटबॉल पाण्याच्या पृष्ठभागापासून सुमारे तीन फूट खाली आणि तळाच्या गाळापासून किमान दोन-तीन फूट वर ठेवावा. त्यासाठी लवचिक पाइप घेऊन फुटबॉल रिकाम्या बंद ड्रमला दोरीने लटकवावा, म्हणजे पाणी उतरेल तसा तोही उतरेल. पाणी पाच-सहा फुटांच्या आत आले की हा उपाय लंगडा पडतो. मग गाळण्यांवर दुप्पट लक्ष.

२. गाळण्या. शेततळ्याच्या पाण्याला नुसती जाळीची गाळणी पुरत नाही, आधी वाळूची गाळणी पाहिजे. तिच्या आधीच्या आणि नंतरच्या गेजमध्ये अर्ध्या किलोच्या आसपास फरक दिसू लागला की उलटा प्रवाह सोडून धुवावी. रात्रपाळीच्या विजेवर मोटार चालवली असेल तर सकाळी धुतल्याशिवाय परत सुरू करू नये. आणि काही झाले तरी जाळी काढून मोटार चालवू नये. एक एकर उसाची किंमत देऊन शिकलेला हा धडा आहे. नळ्यांची टोकेही ठराविक दिवसांनी सोडून द्यावीत.

३. उजेड तोडणे. शेवाळाचे सगळे बळ उजेडात आहे. तळ्यावर दाट शेडनेट किंवा आच्छादन करणे परवडत असेल तर शेवाळ कमी होते आणि बाष्पीभवनही कमी होते. ठिबकच्या नळ्या काळ्या असतात याचे एक कारण ऊन सोसणे हे आहे, दुसरे हे की काळ्या नळीत उजेड शिरत नाही. पांढरे पातळ पीव्हीसी पाइप उघड्यावर ठेवले तर आतून शेवाळ धरतात. ते पुरून टाकावेत. टाक्याही झाकाव्यात.

४. खत तोडणे. उजेडाखालोखाल शेवाळाला नत्र आणि स्फुरद लागते. शेताचे, गोठ्याचे वाहून येणारे पाणी तळ्यात शिरू देऊ नये. तळ्याच्या कडेला खताची पोती धुऊ नयेत. मोठ्या प्रमाणावर हेच पाहायचे असेल तर उजनीकडे पाहावे. वरच्या शहरांचे सांडपाणी भीमेतून धरणात उतरते आणि उन्हाळ्यात पाणी हिरवे पडल्याच्या बातम्या येतात.

५. मोरचूद. पुष्कळ सभासद विचारतात. उपयोग होतो, पण अंदाजे टाकू नये. दहा लाख लिटर पाण्याला अर्धा ते एक किलो हे सर्वसाधारण प्रमाण. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल अशा उताराच्या शेततळ्यात भरल्या वेळी सुमारे २२ लाख लिटर पाणी असते. म्हणजे एक ते सव्वादोन किलो मोरचूद झाले. पाणी निम्मे असेल तर मोरचूदही निम्मे. ते कापडात बांधून पाण्यातून फिरवावे आणि सगळे तळे एकदम न करता आधी अर्धे, आठवड्याने उरलेले करावे. एकदम सगळे शेवाळ मेले तर ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो, आणि सायीचे शेवाळ असेल तर त्यातले विष पाण्यात उतरते. मासे सोडलेले असतील, किंवा गुरे-माणसे ते पाणी पीत असतील, तर मोरचुदाच्या नादी लागू नये. आपल्याकडील क्षारयुक्त पाण्यात त्याचा असरही कमी पडतो. म्हणून पहिले चार उपाय आधी, हा शेवटचा.

तोट्यांसाठी क्लोरीन किंवा आम्ल सोडायचे असेल तर ऊस विकास विभागाला विचारून करावे. ही दोन्ही कधीही एकत्र मिसळू नयेत, विषारी वायू निघतो.

याचा शेवट कोठे पोहोचला पाहा

आपल्याला त्रास देणाऱ्या या जिवाने माणसाचे एक मोठे काम केले आहे, तेही सांगितले पाहिजे.

शेवाळाचा डोळा रोडॉप्सिनवर चालतो, हे १९८४ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी दाखवले. पुढे २००२ आणि २००३ साली जर्मनीतील पीटर हेगेमान, गेओर्ग नागेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चॅनलरोडॉप्सिन हे दारच आहे, उजेडाने उघडणारे, हे सिद्ध केले. तेव्हा काही जणांच्या मनात आले की हे दार दुसऱ्या पेशीत बसवले तर? २००५ साली अमेरिकेत कार्ल डायसरॉथ, एडवर्ड बॉयडन आणि सहकाऱ्यांनी ते मज्जापेशीत बसवले. उजेड पाडला की ती मज्जापेशी जागी होऊ लागली. आज जगभर मेंदूच्या अभ्यासात ही पद्धत वापरतात.

त्याहून पुढची गोष्ट २०२१ सालची. डोळ्याच्या पडद्याच्या आजाराने कित्येक वर्षे दृष्टी गेलेल्या ५८ वर्षांच्या एका गृहस्थाच्या डोळ्यात शेवाळापासून मिळवलेल्या अशाच प्रथिनाचे जनुक सोडण्यात आले. खास चष्मा लावून, काही महिन्यांच्या सरावानंतर, टेबलावर ठेवलेली वही त्यांना शोधता आली. चेहरे ओळखण्याइतकी दृष्टी आली नाही आणि हा उपचार सर्वांसाठी तयार झालेला नाही. तरी एवढे दिसणे ही लहान गोष्ट नव्हे.

आणि हा प्रकार फक्त परदेशातला आहे असेही नाही. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर एरवी शेवाळाने हिरवे असते. जून २०२० मध्ये ते गुलाबी झाले तेव्हा राज्यभर चर्चा झाली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले. पाणी आटून खारटपणा वाढला होता आणि खाऱ्या पाण्यात वाढणारे, अंगात गुलाबी रंगद्रव्य असणारे सूक्ष्मजीव माजले होते, असे निघाले. अशाच खारप्रेमी जीवांच्या एका जातीत १९७१ साली रेटिनल बाळगणारे आणि उजेडावर चालणारे एक प्रथिन सापडले होते. ते शोधणाऱ्यांतील डीटर ओस्टरहेल्ट, आणि त्यांच्यासोबत हेगेमान व डायसरॉथ, यांना २०२१ साली लास्कर पुरस्कार मिळाला. शेवाळाच्या आणि मिठागराच्या डबक्यात वाकून पाहणाऱ्यांना लोक हसतात. पण पाहणाऱ्याने पाहत राहावे.

तात्यांना उत्तर

तात्यांच्या तळ्यावर आम्ही दुसऱ्या वर्षी फुटबॉल तीन फूट खाली ड्रमला लटकवला. गोठ्याकडून येणारा ओघळ बांध घालून वळवला. तीनदा धुवावी लागणारी गाळणी एकदा धुवून भागू लागली. तोट्या सगळ्या बदलल्या, त्याचा खर्च तात्यांनी सोसला. त्या एकराचे त्या साली गेलेले टनेज मात्र परत आले नाही, आणि ते मला अजून बोचते.

शेतकऱ्याने विचारलेला प्रश्न साधा समजून सोडू नये, हे मला तेव्हा कळले. "त्याला काय डोळं हायती का?" या प्रश्नाचे उत्तर मला सल्ला देण्याआधी ठाऊक असते तर तो सल्ला मी दिलाच नसता. आपल्यापैकी कोणाला तळ्यात, चारीत, उसात काही वेगळे दिसले तर गट कार्यालयात येऊन जरूर सांगावे. उत्तर लगेच मिळेलच असे नाही, पण शोधून देऊ.

उन्हाळा तोंडावर आहे. माउलींची पालखी वेळापूर मुक्कामी येईपर्यंत पाऊस लागेलच याचा भरवसा नसतो, तोवर ऊस तळ्यावरच जगवायचा आहे. म्हणून हा अंक वाचून झाला की एकदा तळ्यावर जाऊन फुटबॉल कुठे बांधला आहे तेवढे पाहून घ्यावे, ही विनंती.

कळावे,
आपला,
ऊस विकास अधिकारी